काणुकीची ढोली

लोकांना झाड का तोडायचं असतं, याची कारणं ऐकण्यात माझी सारी नोकरी गेली. पानं पडतात, हे पहिलं कारण. पाखरं शिटतात, हे दुसरं. दुकानाची पाटी झाकली जाते, हे तिसरं. ही तिन्ही मी इतक्यांदा ऐकली की माणूस ऑफिसच्या दारातून आत आला, की त्याच्या चालीवरून मला कळायचं, हा पानांवाला आहे की पाटीवाला. पानांवाले दमलेले असतात. पाटीवाले घाईत असतात.

मी नागपूरच्या उद्यान खात्यात निरीक्षक होते. शहरातलं झाड, मग ते तुमच्या स्वतःच्या अंगणातलं का असेना, तोडायचं तर अर्ज द्यावा लागतो. मग निरीक्षक जाऊन झाड बघतो आणि त्याच्या शब्दावर झाड राहतं किंवा जातं. बाई निरीक्षक म्हणजे लोकांना सुरुवातीला गंमत वाटायची. नंतर त्यांची गंमत गेली. "झाडवाल्या मॅडम येऊन राहिल्या" असं गल्लीत कोणी म्हटलं, की कुऱ्हाडी पलंगाखाली जायच्या, हे मला स्वतः एका गृहस्थांच्या बायकोनं सांगितलं आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे एक आडते होते. त्यांच्या ओट्यावर कडुलिंबाची सावली पडायची आणि सावलीबरोबर कावळेही यायचे. झाड तोडा म्हणून त्यांनी माझ्यापुढे टेबल बडवलं. मी नाही म्हटलं. नंतर ऐन मे महिन्यात तेच गृहस्थ पुन्हा हजर. आवाज एकदम मऊ. म्हणाले, "मॅडम, त्याच्या बाजूले अजून एक लावून द्या ना. साऱ्या बाजाराचं गिऱ्हाईक माझ्याच ओट्यावर येऊन बसून राहिलं." मिहानकडच्या एका कंपनीतल्या तरुण साहेबांना, लावलेली झाडं किती वर्षांत 'फायनल साइज'ला येतील, हे लेखी हवं होतं. मी म्हटलं, मी लिहून देते, पण कडुलिंबाची सही तुम्ही आणा. तो बिचारा हसला. चांगला मुलगा होता. आणखी एकांना घराशेजारच्या पिंपळावर घुबड बसतं म्हणून पिंपळ नको होता. मी सांगितलं, लक्ष्मीचं वाहन आहे, बसू द्या. त्यांनी अर्ज मागं घेतला, आणि जाता जाता विचारलं, घुबड त्यांच्या बाजूला तोंड करून बसेल असं काही करता येईल का.

हसण्याचा भाग सोडला तर काम जोखमीचं होतं. झाड पडलं आणि खाली माणूस असला, तर शेवटची सही कोणाची, हे सगळे बघतात. म्हणून आम्ही झाडाला लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत त्याच्याभोवती फिरायचो. भरीव खोडाचा आवाज ठस्स येतो, पोकळ खोडाचा ढब्ब. पण पोकळ म्हणजे मेलेलं नव्हे, हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसायचा. झाडाचा जीव असतो सालीजवळच्या ओल्या लाकडात. मधला गाभा जुना, मेलेलाच असतो. तो कुजून गेला तरी झाड पुढे कित्येक वर्षं पालवतं. भीती पोकळीची नसते. पोकळीच्या भिंती किती जाड उरल्या आणि झाड कुठे कललंय, याची असते. बुंध्याशी भूछत्रं उगवली किंवा कललेल्या बाजूच्या उलट माती उचलली गेली, की मग मात्र हात आखडता घ्यायचा नाही. मी झाडं वाचवली तशी तोडलीही आहेत, आणि तोडली ती योग्यच तोडली.

त्यातलं एक झाड मला आयुष्यभर पुरलं.

मौद्याच्या रस्त्याच्या अंगाला एक जुना तलाव आहे. कधी काळी गावाचा होता. शहर पसरत पसरत त्याच्या पाळीपर्यंत, म्हणजे मातीच्या बांधापर्यंत, आलं आणि तलाव आमच्या खात्याच्या हद्दीत पडला. अर्ध्या तलावात कमळं, अर्ध्यात शिंगाडा. शिंगाड्याचं काम सखूबाईकडे. तिच्या सासरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात शिंगाडा लावलेला. पावसाळाभर ती डोंग्यात बसून वेल सारखे करत फिरायची आणि पाण्यातूनच काठावरच्या माणसांशी भांडायची. पाळीवर अर्जुनाचं एक म्हातारं झाड होतं. त्याची एक मोठी फांदी पाण्यावर गेलेली, दुसरी तशीच दांडगी फांदी पाळीवर आलेली. पाळीवरच्या फांदीत ढोली होती, आणि त्या ढोलीत दर पावसाळ्यात काणूक अंडी घालायची.

काणूक म्हणजे बदक. झाडावर राहणारं बदक म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, म्हणून जरा नीट सांगते. आपल्याकडच्या बदकांमध्ये ही सगळ्यात लहान, कबुतरापेक्षा फार मोठी नाही. नराचा थाट पावसाळ्यात बघावा. पाठ गडद हिरवी, उन्हात वळला की जांभळट झाक मारणारी. चेहरा आणि मान पांढरीशुभ्र, आणि गळ्यात काळा पट्टा, मोजून मापून बांधल्यासारखा. उडाला की पंखातली पांढरी पट्टी लांबूनही दिसते. मादी तपकिरी, साधी, डोळ्यातून गेलेली एक काळी रेघ. ती साधी आहे म्हणूनच जगते, कारण अंड्यांवर तीच बसते. जमिनीवर या पाखराला धड चालता येत नाही. पाय फार मागे असतात. पण हवेत ती अशी सफाईनं वळते की ढोलीच्या तोंडाशी न थांबता थेट आत जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, आपटली. आपटली नव्हती, घरात गेली होती.

मृग लागला की जोडी घर बघायला निघते. मादी या झाडावरून त्या झाडावर जाते, ढोलीत डोकं घालून पाहते, नर जवळच्या फांदीवर बसून कर्रकर्र करत राहतो. सखूबाई म्हणायची, "नवरा नुसता बोलते, पसंत तिलेच करा लागते." ढोली जुन्या झाडालाच असते, आणि जुनी झाडं शहरात टिकत नाहीत. कारणं वर सांगितलीच आहेत. घुबड, पोपट, मैना, सगळ्यांना तीच ढोली हवी असते. त्या तलावाच्या आसपास बदक मावेल अशी ढोली एकच उरली होती. मी सारी पाळ आणि मागची वस्ती पायांनी धुंडाळून बघितली होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. उन्हाळ्यात वादळ झालं आणि अर्जुनाची ती पाळीवरची फांदी बुंध्याशी चिरली. मी शिडी लावून वर गेले. चिरेत माझा तळहात मावत होता. त्या फांदीखाली दर वर्षी तान्हा पोळा भरायचा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांचा पोळा असतो. लहान लहान पोरं चाकाचे लाकडी नंदी सजवून, दोरी धरून ओढत आणतात, तोरणाखाली रांग लावतात, मग बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघर फिरतात. त्या पाळीवर तर चार वस्त्यांची पोरं जमायची. चिरलेल्या फांदीखाली.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पावसाच्या आत फांदी उतरवायचा आदेश मी लिहिला. अंडी घातल्यावर उतरवणं शक्य नव्हतं आणि मी ते केलंही नसतं. किसना आमचा आरेवाला, झाडावर चढण्यात शहरात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. त्यानं दोर बांधून फांदी हळूहळू खाली घेतली. ढोली मधोमध फुटली. सखूबाई डोंग्यातून बघत होती. मग तिनं वल्हं आडवं ठेवलं.

"मॅडम, तुमी तिचं घर पाडलं."

"पाडावं लागलं सखूबाई. पोरं असतात खाली."

"पाडा ना. मी काहून नाई म्हणू? माह्ये नातवंडंही तिथंच येते. पण घर पाडलं तं घर द्या लागते. सरकार मानसाले देते का नाई?"

मी म्हटलं, देईन. तोंडातून शब्द गेला तेव्हा कसं देणार हे मला ठाऊक नव्हतं. पण मी कबूल केलेलं टाळत नाही, हे त्या तलावावर सगळ्यांना माहीत होतं आणि मला तसंच राहायचं होतं. मृग तोंडावर आला होता. जोडी येऊन बघेल, घर नाही म्हणून उडून जाईल, आणि मग त्या तलावावर काणूक पुन्हा कधी दिसणार नाही. एवढंच पणाला लागलं होतं. जगाच्या दृष्टीनं काहीच नाही. माझी मात्र झोप गेली.

शालिकभाऊ त्या वस्तीतले सुतार. नंदी करावेत तर त्यांनीच. नागपुरात दुकानातून रंगवलेले नंदी ढिगानं मिळतात. पण शालिकभाऊंचा नंदी हातात घेतला की अंगावरून बोट फिरवतच राहावं वाटायचं. सागवानाला ते पॉलिश पेपरनं इतकं घासायचे की हे लाकूड आहे हेच बोटाला कळेना. "लहान पोरगं गालाले लावते नंदी," ते म्हणायचे. "काटा रुतला तं? माह्या नंदीत काटा सापडला तं नाव बदलून टाकीन." स्वतःचा एक मोठा नंदी त्यांनी केला होता, वासराएवढा. दर तान्ह्या पोळ्याला तो तोरणाच्या मधोमध उभा राहायचा आणि पोरांच्या नंद्यांआधी त्याची पूजा व्हायची. त्याच्या पाठीवर त्यांच्या बायकोनं शिवलेली झूल असायची. खालून गोणपाट, वरून लाल मखमल, कडेला आरसे.

मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "भाऊ, बदकाचं घर करायचं आहे."

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती मोठं बदक?" मी हातानं दाखवलं. "दार केवढं?" मी मूठ दाखवली, मग थोडी सैल केली. आत एक हात खोल हवं, म्हणजे कावळ्याची चोच पोचायची नाही. तळाला भोकं हवीत, पाणी साचायला नको. वर झाकण हवं, हंगाम संपला की साफ करता येईल असं. रंग नको, वॉर्निश नको, वास नको. ते सगळं ऐकत होते आणि डोळे मिटून मनात लाकूड कापत होते, हे मला दिसत होतं.

पेटी झाली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. जुन्या दाराच्या सागाची, सांधे असे बसवलेले की खिळा शोधावा लागावा. "आत हात घाला मॅडम." मी घातला. आतल्या भिंतीही बाहेरच्यासारख्याच घोटलेल्या. "कोणी पाहत नाई म्हणून आतून बेकार काम करा, हे शालिकले जमत नाई," ते म्हणाले. मी त्यांना मनापासून शाबासकी दिली. पेटीत त्यांच्याच रंध्याखालचे छिलके अंथरले. किसनानं पेटी अर्जुनाच्या उरलेल्या खोडावर, पाण्याकडे तोंड करून बसवली. साप, घोरपड वर चढू नये म्हणून बुंध्याला पत्रा गुंडाळला. सखूबाईनं डोंग्यातून तपासणी केली आणि म्हणाली, "दार तं बरोबर आहे. आता पसंत पडली पायजे."

जोडी आली. पहिल्या दिवशी ती जिथं जुनी ढोली होती तिथंच घिरट्या घालत राहिली. फांदीच नव्हती, तर हवेतच वळून वळून बघायची. मला ते बघवेना. मी ऑफिसात येऊन उगाच शिपायावर ओरडले. मग पाऊस झाला, दोन-तीन दिवस मला तिकडे जाता आलं नाही, आणि एका सकाळी सखूबाईचा फोन. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "गेली वं बाई आत," एवढंच म्हणाली. एरवी ती मला मॅडम म्हणायची. त्या दिवशी मी 'वं बाई' झाले. मला बढतीच्या कागदानंही इतका आनंद झाला नव्हता.

अंडी झाली, मादी बसली. नर जवळच्या पाण्यात पहारा देत फिरायचा. शालिकभाऊ रोज संध्याकाळी पाळीवर येऊन बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं दाखवायचे. कोणाला म्हणायचे, "आपलं काम आहे." लोक समजायचे खोड छाटण्याचं काम, आणि पुढे जायचे. शालिकभाऊ त्यांना परत बोलावून नीट समजावून सांगायचे.

आता पुढचं कळायचं तर काणुकीच्या पिल्लांची एक गोष्ट सांगायला हवी. पिल्लं अंड्यातून निघाली की आई त्यांना ढोलीत खाऊ आणून देत नाही. एकदा अंग वाळलं, पायात जोर आला, की आई खाली पाण्यावर उतरते आणि हाका मारते. पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येतात आणि उडी टाकतात. पंख नावालाच असतात. अंगावर नुसती मऊ लव, वजन जवळजवळ काही नाहीच. इतक्या उंचावरून पडून त्यांना काही होत नाही. पाण्यावर किंवा काठाच्या गवतावर टप्पकन आदळतात, डोकं झटकतात आणि आईकडे निघतात. मी ही उडी जुन्या ढोलीवर बघितली होती. खालून. पिल्लं ढोलीच्या तोंडापर्यंत येतात कशी, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो कोणालाच पडला नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सखूबाईचा फोन आला. "मॅडम, ते उजेड झाला तवापासून बोलावून राहिली. कोणी येतच नाई."

मी पोचले. मादी पेटीखाली पाण्यावर हाका मारत होती. मध्येच उडून आत जायची, पुन्हा बाहेर, पुन्हा पाण्यावर. पेटीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. मी खोडाला कान लावला. आत पिल्लं चिवचिवत होती, म्हणजे जिवंत होती, भरपूर होती. आणि चिवचिवीच्या मागून दुसरा एक आवाज येत होता. नखांचा. खर्र करून वर, मग सर्रकन खाली. मग थप्प. पुन्हा खर्र, सर्र, थप्प.

किसनाला मी वस्तीतून बोलावून घेतलं. त्यानं गालातला तंबाखूचा खर्रा थुंकला, शिडीवर चढला, झाकण बोटभर उचलून आत पाहिलं आणि तितक्याच हळू मिटलं. खाली येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "चढून राहिले मॅडम. पण भिंतीले नख धरत नाई. अर्ध्यात जाते अन् घसरते. पुरं काचेवानी आहे आतून."

झाडाची ढोली आतून कधीच गुळगुळीत नसते. कुजलेलं लाकूड, भेगा, किड्यांनी पोखरलेल्या वाटा. पिल्लांच्या पायांना टोकदार नखं असतात ती याच चढणीसाठी. त्यांचं पाखरूपण पोहण्यापासून सुरू होत नाही, चढण्यापासून होतं. आणि आम्ही त्यांना शहरातली सगळ्यात सुबक भिंत दिली होती.

शालिकभाऊ तिथंच होते. मोठा नंदी हातगाडीवर घालून नुकतेच आले होते, तोरण बांधायला मदत करत होते. किसनाचं बोलणं त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला दुसरीकडे बघावं लागलं.

"हातानं काढून पाण्यात सोडून देऊ का?" किसना म्हणाला.

मी नको म्हटलं. माणूस पेटीत हात घालतोय म्हटल्यावर मादी लांब गेली असती. पिल्लं शिंगाड्याच्या वेलात विखुरली असती आणि समोरच्या तारेवर कावळे ओळीनं बसलेलेच होते. पिल्लं आईच्या हाकेवर जातात. हाक चालू आहे तोवर त्यांनीच बाहेर यायला हवं. आणि हाक किती वेळ चालेल, याची मला खात्री नव्हती. दुपारनंतर ढोलताशे येणार, चार वस्त्यांची पोरं नंदी ओढत येणार. त्या गोंगाटात ती बया थांबणार नाही, एकटीच उडून जाणार. मग आत जे आहे ते आतच राहणार.

"वाकस आणू का, आतून खाचा पाडतो," शालिकभाऊ म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. पिल्लं आत असताना लाकूड तासायचा वाकस कसला चालवता. ते पेटीकडे बघत उभे राहिले. मग वळले, हातगाडीपाशी गेले, आणि मोठ्या नंदीच्या पाठीवरची झूल त्यांनी ओढून काढली.

"अहो, पूजेची आहे ती," कोणीतरी म्हणालं.

त्यांनी झूल उलटी केली. खालून गोणपाट, जाड विणीचं, खरबरीत. खिशातून चाकू काढून त्यांनी दोन हात लांब आणि चार बोटं रुंद पट्टी उभी फाडली. मखमलीसकट फाडली, आरसेही गेले. किसनानं पट्टीसाठी हात पुढे केला. शालिकभाऊंनी दिली नाही.

"माह्यं काम आहे," ते म्हणाले.

त्यांचे गुडघे दुखायचे. जिना चढतानाही ते थांबायचे. ते शिडी चढले. किसनानं आणि मी खालून शिडी धरली. मादी थोडी लांब सरकली पण पाण्यावरच राहिली, सखूबाईनं डोंगा पलीकडून आडवा लावून ठेवला होता. शालिकभाऊंनी पट्टीचं एक टोक पेटीच्या दारातून आत सोडलं, गोणपाटाची बाजू पिल्लांकडे, तळाला टेकेपर्यंत. दुसरं टोक बाहेर घेऊन सुतळीनं पेटीला बांधलं. खिळा नाही, ठोकाठोक नाही. मग ते उतरले आणि आम्ही सगळे मागं, पार पाळीच्या टोकापर्यंत गेलो.

मादी पुन्हा पेटीखाली आली. हाक मारली.

दारात काहीच नाही. आणखी हाका. सखूबाई डोंग्यात पुटपुटत होती, देवाशी की बदकाशी कळलं नाही. शालिकभाऊ उभे होते, फाडलेली झूल दोन्ही हातांत धरून. आणि मग पेटीच्या दारात, झुलीच्या त्या पट्टीवर, काळं-पांढरं, अंगठ्याएवढं डोकं आलं. त्यानं खाली पाहिलं. एकदाही विचार केला नाही. गेलं.

टप्प.

मग दुसरं. मग दोन एकदम दारात अडकली आणि एकमेकांना ढकलून एकदम पडली. तोवर लवकर आलेली पोरं आपापले नंदी बगलेत धरून आमच्यामागे उभी राहिली होती. त्यांना कोणी गप्प बसा म्हणालं नव्हतं, तरी एकानंही आवाज केला नाही. किती पिल्लं, यावर नंतर भांडणं झाली. कोणी नऊ म्हणालं, कोणी दहा. सखूबाई आजही अकरा सांगते. मी मोजायच्या स्थितीत नव्हते. माझे डोळे भरले होते आणि मी ते पुसले नाहीत. मादी सगळ्यांना घेऊन कमळाच्या पानांमागे गेली, नर कर्रकर्र करत पाठोपाठ. आता सगळं त्यानंच केलंय, असा त्याचा आविर्भाव होता.

शालिकभाऊ मात्र पाळीवर मटकन बसले. मी शेजारी बसले. म्हटलं, "भाऊ, आत हात घालून शाबासकी मीच दिली होती. दोघांनी मिळून केलंय." त्यांनी हातातली झूल घडी केली. मग म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी आतून रंधा लावत नाई. वाकसानंच सोडतो."

त्या दिवशी मोठा नंदी उघडाच तोरणाखाली उभा राहिला. पूजा झाली, पोरांना बोजारा मिळाला, ढोल वाजले.

मी निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. निरोपाच्या दिवशी खात्यानं शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, माझ्या करारी स्वभावाचं फार कौतुक झालं, म्हणजे सुटलो एकदाचे असं. मी किती झाडं वाचवली हे कोणी सांगितलं नाही, आणि मलाही मोजता येणार नाही. शहरात रस्ता रुंद करायला गेलेल्या जुन्या झाडांची आठवण आली की वाईट वाटतं. त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपांना ढोली यायला माझ्या नातवांचं म्हातारपण उजाडेल. पण त्या तलावाच्या पाळीवर आज शालिकभाऊंच्या आणखी पेट्या आहेत. बाहेरून नंदीसारख्या घोटलेल्या, आतून वाकसाच्या घावांनी भरलेल्या. नवीन पेटी झाली की ते मला मुद्दाम बोलावतात. "आत हात घाला मॅडम," म्हणतात. मी घालते आणि बोट खरचटून घेते. "कसं बेकार काम केलं?" ते विचारतात. त्यांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद असतो, तो मी त्यांच्या कुठल्याही नंदीपाशी पाहिलेला नाही.

बायकोनं नवीन झूल शिवून देते म्हटलं होतं. त्यांनी नको म्हटलं. गेल्या तान्ह्या पोळ्याला मी गेले होते. वस्तीत नवीन राहायला आलेली एक बाई मुलाला घेऊन आली होती. सगळे नंदी नटलेले आणि मोठाच बिनझुलीचा, हे बघून तिनं शालिकभाऊंना विचारलं, "भाऊ, याच्या अंगावर काहून काही नाई?"

शालिकभाऊंनी अर्जुनाकडे हात केला. पहिल्या पेटीच्या दारातून मखमलीचं टोक अजून बाहेर लोंबतं आहे, उन्हापावसानं विटून पार गुलाबी झालेलं.

"त्याची झूल तिथं आहे," ते म्हणाले. "पोट्टे चढतेत त्याच्यावरून."